पाव फेरा

हंबीरराव इंगवल्यांच्या गॅरेजात देव तीन. एक गणपती, एक जोतिबा आणि तिसरी, खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही. पहिल्या दोघांना रोज उदबत्ती मिळायची, पण सगळे भ्यायचे ते तिसरीला.

गॅरेज कागल रोडला, उजळाईवाडीच्या पुढं. वर पत्रा, खाली ऑईल पिऊन काळी झालेली जमीन, आणि आत उभी असलेली सगळी वरात मिलिटरीची. लिलावात घेतलेले दोन ट्रक आणि पाण्याचे पाच ट्रेलर. फौजेला ते जुने झाले म्हणून काय कोल्हापूरलाही जुने झाले होय? उसाचा हंगाम सुरू झाला की रानात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढायला या ट्रकांशिवाय दुसरं येतंय कोण! टोचन लावायचं, चारी चाकांना जोर द्यायचा, की पोटापर्यंत चिखलात गेलेलं धूड गुमान रस्त्यावर. ट्रेलर जायचे ऊसतोडीच्या टोळ्यांना पाणी घेऊन. काम भरपूर होतं.

हंबीररावांनी फौजेत चोवीस वर्षं असल्याच गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता वय पंच्याहत्तर. पेन्शन घेऊन पारावर बसायचं सोडून हा माणूस पुन्हा त्याच गाड्यांच्या खाली जाऊन आडवा झाला. जित्याची खोड, दुसरं काय!

वहीची भानगड अशी. फौजेतली एक शिस्त हंबीररावांनी गॅरेजात आणली होती. गाडी ट्रेलर घेऊन निघाली की पाच-सहा किलोमीटरवर थांबवायची. मग घाई असो, ऊन असो, मागं कुणी हॉर्न मारत असो. खाली उतरायचं, प्रत्येक चाकाच्या मधल्या हबला हात लावून तो तापलाय का बघायचं, प्रत्येक नट बोटानं चाचपायचा, टोचनची पिन आणि साखळी बघायची. याला म्हणायचं पहिला थांबा. "गाडीचं दुखणं आणि नव्या सुनंचा सोभाव, दोन्ही पयल्या पाचात कळतंय," असं ते म्हणायचे, आणि तेही सुनेच्या तोंडावर. थांब्यावर जे सापडेल ते संध्याकाळी वहीत उतरायचं. रकाने चार: तारीख, गाडी, काय सापडलं, आणि शेवटचा, कुणाचा हात.

त्या शेवटच्या रकान्यातच सगळी मेख होती. ज्याच्या हातनं चाकाचा नट ढिला राहील, त्यानं आपला पाना खुंटीला लावायचा आणि घरी जायचं. नियम म्हणजे नियम. आठ वर्षांपूर्वी जोतीराम नावाचा हाडाचा मेकॅनिक त्या रकान्यात सापडला. एक नट हातानंच फिरवून ठेवला आणि आवळायचा राहून गेला. त्याच्यापायी बाकीचेही सुटत गेले, ट्रेलरचं चाक निघून उसात गेलं, ट्रेलर कलंडला. माणूस कुणी गेलं नाही हे नशीब. हंबीररावांनी स्वतःच्या हातानं वहीत नाव लिहिलं आणि जोतीरामला त्याच दिवशी घरी पाठवलं. त्याचा पाना अजून खुंटीला तसाच गंजत होता.

पण जोतीरामही कोल्हापूरचंच पाणी! त्यानं कागलच्या अलीकडं, सर्व्हिस रोडच्या चिंचेखाली पंक्चरचं दुकान टाकलं. नेमकं तिथंच, जिथं हंबीररावांच्या गाड्या पहिला थांबा घ्यायच्या. हंबीररावांनी थांबा हलवला नाही आणि जोतीरामनं दुकान हलवलं नाही. आठ वर्षं यांची प्रत्येक गाडी त्याच्या दारात थांबत होती आणि दोघांत एक शब्द नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं सुंभसुद्धा जळायला तयार नव्हता.

आता गाडी चालवायची ती सून, पूर्णिमा. लग्न होऊन आली तेव्हा तिला पान्याचा आकडा कळत नव्हता. नवरा विजयसिंह चाकणच्या कंपनीत, महिन्यातनं दोनदा घरी. पूर्णिमा सासऱ्याला डबा द्यायला गॅरेजात यायची, मग ग्रीस भरायला लागली, मग बेअरिंग बदलायला, आणि पाच वर्षांपूर्वी ट्रकच्या स्टिअरिंगवर जाऊन बसली. पहिल्यांदा रस्त्यावरची माणसं माना मोडेपर्यंत बघायची. आता ओळखीनं हात करत होती.

दिवाळीत विजयसिंह आला तेव्हा घरात वाजलं. "आबांचं वय बघ. परवा जॅकचा दांडा कुठं ठेवला ते आठवंना त्यास्नी. ह्या जड गाड्या हायत, खेळणी न्हाईत. मी त्यास्नी चाकणला नेतो, गॅलरीत बसून पेपर वाचू देत."

"गॅलरीत बसवलासा तर चार म्हैन्यात जातील ते," पूर्णिमा म्हणाली.

"आणि हितं एखादी चूक झाली तर?"

"चाकाच्या बाबतीत मामांच्या हातनं चूक व्हायची न्हाय. झाली तर मी स्वतः तुम्हाला फोन करून सांगीन. मग न्या."

असं ती बोलून बसली होती. शब्द गेला की गेला. विजयसिंह हसला आणि म्हणाला, "ठरलं तर."

तसं बघायला गेलं तर हंबीररावांकडं आता काम उरलं होतं एकच. सकाळी गाडी निघण्याआधी ते आपला पाना घेऊन ट्रकला आणि ट्रेलरला प्रदक्षिणा घालायचे आणि प्रत्येक नटाला एक धक्का द्यायचे. नट आधीच आवळलेला असायचा, तो हलायचा नाही. पण त्यांच्या हाताचा धक्का बसल्याशिवाय गाडी दारातनं बाहेर पडत नसे. त्या धक्क्यासाठीच ते पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, टोपी घालायचे. तेवढं काढून घेतलं तर मागं काय उरलं असतं?

त्या सकाळी तीन नंबरचा ट्रेलर मुरगूडकडं टोळीला पाणी घेऊन जायचा होता. या ट्रेलरचं थोडं सांगायला पाहिजे. या जुन्या ट्रेलरांच्या डाव्या चाकाला उलटे आटे. उजवीकडचा नट आपल्या रोजच्या सवयीप्रमाणं उजवीकडं फिरवला की आवळतो, डावीकडचा मात्र डावीकडं फिरवला की आवळतो. चाक पळताना नट आपोआप सुटू नये म्हणून केलेली ती युक्ती. नवा माणूस इथं हमखास फसायचा. सोडायला म्हणून जोर लावायचा आणि नट आणखी आवळून बसायचा. म्हणून हंबीररावांनी उलट्या आट्याच्या नटांना लाल रंग दिला होता आणि सुलट्यांना पांढरा.

पण गेल्या आठवड्यात तीन नंबरच्या डाव्या हबचे आटेच झिजून गेले. उलट्या आट्याचा हब बाजारात मिळेना. शेवटी हंबीररावच म्हणाले, "उद्यमनगरातनं सुलट्या आट्याचा करून आण." पूर्णिमानं आणला, बसवला. आदल्या दिवशी संध्याकाळी पान्यावर पाईप चढवून, त्या पाईपवर उभं राहून तिनं सहाही नट आवळले. सासरे शेजारी उभे राहून बघत होते. नटांना पांढरा रंग तेवढा मारायचा राहिला. उद्या मारू, म्हणाली.

सकाळी ती ट्रकचं ऑईल बघत होती. हंबीरराव नेहमीसारखे पाना घेऊन फिरत होते. उजवं चाक झालं, काही आवाज नाही. डाव्या चाकाकडनं मात्र आवाज आला. कट. कट. मोजून सहा वेळा.

"ढिलं व्हतं गं सगळं!" हंबीरराव ओरडले. आवाजात काळजी कमी आणि आनंदच जास्त. "सहाच्या सहा! पाव पाव फेरा बसला. बघ, म्हातारा हाय म्हणून तुमचं चाललंय."

"व्हय मामा, तुम्ही हायसा म्हणून," पूर्णिमा हसत म्हणाली. काल पाईपवर उभं राहूनही नट ढिले कसे राहिले, हा विचार डोक्यात यायला हवा होता. पण सासऱ्याचा चेहरा एवढा उजळला होता की ती तशीच गाडीत चढली. हंबीररावांनी ट्रेलरच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी निघाली.

चिंचेखाली तिनं ट्रक थांबवला. जोतीराम टायरवर वाकला होता. त्यानं मान वर करून नुसती हलवली. एवढंच त्यांचं पाच वर्षांचं बोलणं. पूर्णिमानं पिन बघितली, साखळी बघितली. उजव्या चाकाचा हब गार, नट घट्ट. मग ती डावीकडं आली, पहिल्या नटाला बोट लावलं आणि नट फिरला.

बोटानं! पाना नाही, पाईप नाही, नुसत्या बोटानं. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या भोवती चकचकीत लोखंडी भुकटी जमली होती. तिनं उरलेले तिन्ही चाचपले, तेही ढिले. आणखी दहा-पंधरा किलोमीटर गेली असती, तर भरलेल्या ट्रेलरचं चाक निघून वाटेतल्या बाजाराच्या गर्दीत शिरलं असतं.

आधी तिला वाटलं, आपलंच चुकलं. मग सकाळचे ते सहा आवाज आठवले. पाव पाव फेरा बसला म्हणे! बसला नव्हता, सुटला होता. मामांनी डाव्या चाकापाशी येऊन, आयुष्यभर दिला तसाच उलट्या बाजूला धक्का दिला होता. जुना हब असता तर नट आवळला असता. नव्या हबवर तो ढिला झाला. हब बदलला हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय झालं वैनी?" जोतीराम हात पुसत आला. वाकून बघितलं आणि त्याला सगळं एका नजरेत कळलं. मेकॅनिकच तो. "हब नवा दिसतोय. सुलट्या आट्याचा?"

"व्हय."

"आणि सकाळचा धक्का कुणी मारला?"

पूर्णिमानं नटावरचं बोट काढून घेतलं.

जोतीरामनं मांडीवर थाप मारली आणि तो मोठ्यानं हसला. "आठ वर्षं, वैनी! आठ वर्षं मी ह्या चिंचंखाली बसून वाट बघतोय, कवातरी त्या म्हाताऱ्याचा एक नट ढिला निघंल म्हणून. एक मागितला, देवानं सहा दिलं!"

पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. तो आत गेला, पाना आणि पाईप घेऊन आला, आणि सहाही नट आवळून दिले. समोरासमोरचे दोन, मग पुढचे दोन, हंबीररावांनी शिकवलेल्या त्याच क्रमानं. शेवटचा नट आवळून झाल्यावर तो तिथंच उकिडवा बसून राहिला.

"वैनी, वहीत लिवू नकासा."

"तुम्ही सांगताय हे?"

"मला घरी पाठवलं तवा मी बेचाळीसचा व्हतो. लई राग आला, पर मला हितं दुकान तरी घालता आलं. त्यांनी आता कुठं दुकान घालायचं?"

पूर्णिमाचे डोळे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं, गाडीत बसली आणि मुरगूडचा रस्ता धरला.

टोळी उसाच्या कडेला उतरली होती. ट्रेलर उभा राहायच्या आत घागरी, कळश्या, डबे घेऊन सगळी खोपटी धावली. तानाबाई नावाची टोळीतली म्हातारी पोरांना ओळीत उभं करत होती. एक चार-पाच वर्षांची पोरगी ओळ सोडून डाव्या चाकाच्या सावलीत बसली, चाकाला पाठ टेकून, आणि नटावर बोट फिरवत गाणं म्हणायला लागली. पूर्णिमानं पोरीला उचलून बाजूला बसवलं. पोरगी रुसली. तानाबाई म्हणाली, "बसू दे की गं बाई, सावली हाय तितं."

परत येताना तिचं मन एकदा इकडं, एकदा तिकडं. लिहावं तर मामांचा पाना खुंटीला आणि मामा चाकणच्या गॅलरीत. न लिहावं तर उद्या सकाळी तोच हात पुन्हा त्याच चाकावर. आणि स्वतःचं नाव लिहिलं तर? रंग मारायचा तिचाच राहिला होता की. पण त्या वहीत आजवर कुणी खोटं लिहिलं नव्हतं. जोतीरामनंसुद्धा वाद घातला नव्हता. इथंच घोडं पेंड खात होतं.

साडेपाचला ती गॅरेजात पोचली. हंबीरराव बाकावर बसले होते, शेजारी दोन कप चहा झाकून ठेवलेला.

"काय सापडलं गं पयल्या थांब्याला?"

रोजचा प्रश्न. रोजचं उत्तर असायचं, काही नाही मामा. पूर्णिमानं खिळ्यावरनं वही काढली. तारीख लिहिली. ट्रेलर नंबर तीन लिहिलं. मग लिहिलं: डाव्या चाकाचे सहाही नट ढिले, दोन बोटानं फिरले. चौथा रकाना तिनं कोरा ठेवला आणि वही सासऱ्यापुढं धरली.

हंबीररावांनी चष्मा लावला. वही लांब धरून एकदा वाचलं, मग जवळ धरून एकदा.

"काल तूच आवळलंस."

"व्हय मामा."

"पाईप घालून. माझ्यादेखत."

"व्हय."

"मग सकाळी मी तर..." ते थांबले. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, मूठ वळली, आणि त्या मुठीनं हवेतच एक धक्का दिला. डावीकडं. हंबीरराव त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला.

चहावर साय धरली.

"पेन दे," ते म्हणाले.

"मामा, नका लिहू. जोतीरामनं आवळून दिलं सगळं. त्यो कुणाला बोलायचा न्हाय. मी बी बोलायची न्हाय. कुणाला कळणार हाय?"

"कळायचं ऱ्हायलंय कुणाला? मला कळलं की."

पूर्णिमा रडायला लागली. पाच वर्षं ट्रक चालवणारी बाई, चिखलात गुडघाभर उभी राहून साखळी लावणारी, ती पोरीसारखी हुंदके देत रडली. हंबीररावांनी तिला रडू दिलं. चौथ्या रकान्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं: हवालदार हंबीरराव इंगवले. मग पेन तिच्या हातात दिलं.

"त्याच्याखाली तुझं लिव. नटाला रंग मारायचा ऱ्हायला. ती चूक तुझी. माझ्यावर ढकलू नकोस."

रडता रडता पूर्णिमाला हसू आलं. तिनं लिहिलं. हंबीरराव उठले, आपला पाना फडक्यानं पुसला आणि खुंटीला लावला. शेजारच्या खुंटीवरचा गंजलेला पाना काढून घेतला आणि रॉकेलचा डबा ओढून तो घासत बसले.

"यांना मी शब्द दिलाय मामा," ती म्हणाली. "चूक झाली तर फोन करीन म्हणून."

"लाव फोन. बोलतो मीच."

विजयसिंहानं पलीकडनं काय काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. हंबीररावांचं तेवढं ऐकू आलं. "व्हय, झाली चूक. मोठी झाली. पाना खुंटीला लावला म्या. न्हाय, तुझ्याकडं यायचा न्हाय. अरं, पाना गेला, वही हाय की माझ्याकडं! तुझ्या गॅलरीत कशाची वही लिवू? कुंड्यांची?" आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णिमानं आधी सहा नटांना पांढरा रंग मारला. हंबीरराव टोपी घालून आले, पण गाडीला प्रदक्षिणा घातली नाही. हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "तू मार धक्का. मी मोजतो." तिनं प्रत्येक नटाला धक्का दिला, त्यांनी मोठ्यानं मोजलं. मग ते तिच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसले. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

चिंचेखाली गाडी थांबली. हंबीरराव दार उघडून खाली उतरले. आठ वर्षांत पहिल्यांदा. जोतीरामच्या हातातलं टायर तिथंच पडलं.

"आबा..."

"तुझं नाव वहीत मी लिवलं व्हतं," हंबीरराव म्हणाले. "तुला लिवू दिलं न्हाय. कसं झालं म्हणून एकदा इचारलंबी न्हाय. हिनं मला माझं मला लिवू दिलं." त्यांनी फडकं सोडलं आणि पाना पुढं केला. घासून घासून त्याचं लोखंड उजळलं होतं. "सकाळचा धक्का आता तू मारायचा. दुकान हितंच ऱ्हाऊ दे. येरवाळी यायचं, धक्का मारायचा, मग तुझं दुकान उघडायचं."

जोतीरामनं पाना घेतला नाही. त्याला तो घेववेना. हात पँटला पुसत तो म्हणाला, "आठ वर्षं झाली आबा. मिलिटरीच्या गाडीला हात लावला न्हाय. इसरला आसंल हात आता."

"हात काय इसरत न्हाय जोतीराम," हंबीरराव म्हणाले. "त्योच तर घोटाळा झाला माझा."

जोतीरामनं पाना घेतला. ट्रेलरला वळसा घालून तो डाव्या चाकापाशी गेला आणि वाकून आधी नटांचा रंग बघितला.